सात नंबरच्या जर्सीची घाई

आज रग्बी लीग. युनियन नाही, लीग. तेरा जणांची टीम, हातात सहा टॅकल, तेवढ्यात काही जमलं नाही तर बॉल समोरच्यांचा. कुणी कुठून धावायचं, किक कधी मारायची, हे बहुतेक वेळा हाफबॅक ठरवतो. जर्सी नंबर 7. शिवाय डिफेन्समध्ये समोरचे धिप्पाड गडी मुद्दाम त्याच्याच अंगावर धावून येतात. विसाव्या टॅकलनंतर डोकं शांत ठेवून किक मारायची, हे सरावाच्या मैदानावर शिकता येत नाही.

मिचेल पिअर्स घ्या. 2007 मध्ये रूस्टर्सकडून पदार्पण, 2008 मध्ये एकोणिसाव्या वर्षी न्यू साउथ वेल्सकडून थेट स्टेट ऑफ ओरिजिन! तिथे क्वीन्सलँडची टीम भन्नाट होती, पण हरल्यावर खापर मात्र नेहमी ह्याच्यावर. 2013 मध्ये त्याने रूस्टर्ससोबत विजेतेपद मिळवलं, पण ओरिजिन मालिका जिंकायला 2019 उजाडलं. तेही शेवटच्या मॅचला परत बोलावलं म्हणून.

आता नेथन क्लिअरी. तोही 2016 मध्ये पेनरिथकडून अठराव्या वर्षीच खेळला. म्हणजे वय हा मुद्दा नाहीच हो. 2020 च्या फायनलमध्ये त्याचा पास मेलबर्नच्या व्हुनिवालूने मधेच पकडला आणि सरळ ट्राय. पेनरिथ 26-20 ने हरलं. पण क्लबने त्याच्याकडून टीम काढून घेतली नाही. पुढे 2021 ते 2024, सलग चार विजेतेपदं. 2023 ला तर 24-8 ने मागे असताना 26-24 ने जिंकले, ते पाहिलं नसेल तर आज रात्री बघाच.

मला स्वतःला जास्त आवडतो तो जेरोम ह्यूजचा रस्ता. आधी फुलबॅक, दोन क्लब फिरून मेलबर्नला आला, 2019 मध्ये हाफबॅक झाला आणि 2024 मध्ये डॅली एम मेडल. आणि सॅम वॉकर? 2023 मध्ये रूस्टर्सने त्याला खालच्या ग्रेडला पाठवलं, लोकांनी बोंब मारली. पण तिथे दर आठवड्याला खेळायला मिळतं. बेंचवर बसून कोण शिकतं?

माझ्या पहिल्या नोकरीत तिसऱ्याच महिन्यात मला एकट्याला ऑन-कॉल लावलं होतं. रात्री अडीचला डेटाबेस बसला, मी घाबरून चुकीचा सर्व्हर रीस्टार्ट केला. सकाळी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर माझं नाव. त्यानंतर वर्षभर मी कुठलंही बटण दाबायच्या आधी कुणालातरी विचारायचो. हाफबॅकचं असं झालं की तो पाचव्या टॅकलला किक मारायच्या ऐवजी बाजूच्याला पास देतो. बघा कधीतरी, लगेच ओळखू येतं.