फ्लोरा पुरिम : शब्दांवाचून गाणारी

आत्ता जो तुकडा आपण ऐकलात, त्यात एकही शब्द नव्हता. इलेक्ट्रिक पियानोवर एक चाल पुन्हा पुन्हा येत होती आणि तिच्यावरून एका बाईचा आवाज बासरीच्या बरोबरीने वर चढत होता. मध्येच तो किंचाळला, मध्येच नुसता श्वास होऊन राहिला. हे ध्वनिमुद्रण फेब्रुवारी १९७२ मधले, न्यू यॉर्कचे. पियानोवर चिक कोरिया, त्याच्या चमूचे नाव ‘रिटर्न टु फॉरएव्हर’, आणि गाणारी फ्लोरा पुरिम.

ब्राझीलची गायिका म्हटले की बोसा नोव्हा आठवतो. हळुवार गिटार, माइकशी ओठ नेऊन कुजबुजल्यासारखे गाणे. फ्लोरा त्याच काळातली, त्याच रिओ दी जानेरोची. पण तिच्या गळ्याला ती कुजबुज फार दिवस पुरली नाही.

तिचा जन्म ६ मार्च १९४२ चा. घर ज्यू. वडील युक्रेनहून आलेले, व्हायोलिन वाजवणारे. आई पियानो वाजवायची. घरात मान होता तो युरोपच्या अभिजात संगीताला. जॅझ वडिलांना खपत नसे. त्यांचा पाय उंबऱ्याबाहेर पडला की आई कपाटातून जॅझच्या तबकड्या काढायची. बिली हॉलिडे, डायना वॉशिंग्टन, एरॉल गार्नर हे सगळे फ्लोराच्या कानावर असे पडले, वडील परत येण्याच्या आत. गवयांच्या चरित्रांत चोरून ऐकलेले गाणे बहुधा सापडतेच, पण आईच चोरीत सामील, हे क्वचित!

१९६४ मध्ये तिची पहिली लाँगप्ले तबकडी निघाली. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये लष्कराने सत्ता हाती घेतली आणि पुढे गाण्यांच्या ओळीओळीवर सरकारी नजर बसली. याच काळात तिला दोन माणसे भेटली. एक एर्मेतो पास्कोआल, ज्याला किटलीपासून डुकराच्या पिलापर्यंत कशातूनही संगीत काढता येई. दुसरा एअर्तो मोरेरा, तालवाद्यांचा बादशहा आणि तिचा आयुष्याचा जोडीदार. १९६७ मध्ये फ्लोरा न्यू यॉर्कला निघून गेली. एअर्तो तिला परत न्यायला म्हणून मागोमाग गेला आणि तिथेच राहिला. थोड्याच वर्षांत तो माइल्स डेव्हिसच्या चमूत वाजवू लागला.

फ्लोरालाही कामे मिळत गेली. स्टॅन गेट्झबरोबर ती युरोपच्या दौऱ्यावर गेली, गिल इव्हान्सच्या वाद्यवृंदात गायली. तिचे खरे स्थान मात्र तिला कोरियाच्या चमूत सापडले. तिथे माणसे पाचच होती: पियानोवर कोरिया, बासवर विशीतला स्टॅन्ली क्लार्क, बासरी आणि सॅक्सोफोनवर जो फॅरेल, ड्रम्सवर एअर्तो, आणि फ्लोरा.

आता इथे थोडे थांबू या. जॅझमध्ये गायिका बहुधा पुढे उभी असते आणि वाद्ये मागे. ती गाणे गाते, मग बाजूला होते, वादक आपापले कसब दाखवतात, शेवटी ती परत येऊन ध्रुवपद म्हणते. फ्लोराने ही मांडणीच मोडली. ती वाद्यांच्या रांगेत जाऊन बसली. बासरी जी ओळ वाजवते तीच ती गळ्याने घेते, मग बासरीला सोडून भलतीकडेच निघून जाते. आपल्याकडे आलाप आणि तराणा ऐकलेल्या कानाला यात फारसे नवल वाटणार नाही. पण आपल्या मैफलीत गवई केंद्रस्थानी असतो. फ्लोरा तिथे पाचांतली एक असते. पुढे ती माइकला प्रतिध्वनीची यंत्रे जोडू लागली, म्हणजे आपल्याच आवाजावर आपला दुसरा आवाज चढवू लागली.

शब्द असले की काय होते, तेही ऐकण्यासारखे आहे. ऑक्टोबर १९७२ मध्ये याच चमूने लंडनमध्ये ‘लाइट अ‍ॅज अ फेदर’ ही दुसरी तबकडी केली. तिच्या शीर्षकगीताचे शब्द फ्लोराचेच. पण माझे आवडते गाणे त्यातले दुसरे, ‘फाइव्ह हंड्रेड माइल्स हाय’. सुरुवातीला फक्त पियानो आणि ती. ठेका नाही. ती प्रत्येक ओळ जरा उशिरा उचलते, इंग्रजी शब्दांना पोर्तुगीज हेल देते. एखाद्या स्वरावर ती किंचित खाली उतरल्यासारखीही वाटते. मग बास आणि ड्रम्स आत येतात आणि तोच आवाज एकदम हलका होतो. तिच्या जाहिरातींतून ‘सहा सप्तकांचा आवाज’ असे छापून येई. तो आकडा सोडून द्या. गळ्याची लांबी-रुंदी मोजून फ्लोरा हाती लागत नाही. ती लागते या उशिरा उचलण्यात.

‘बटरफ्लाय ड्रीम्स’ ही तिची अमेरिकेतली पहिली स्वतंत्र तबकडी डिसेंबर १९७३ मध्ये ध्वनिमुद्रित झाली. जॉर्ज ड्यूक, जो हेंडरसन, स्टॅन्ली क्लार्क असे एकाहून एक वादक तिच्या साथीला होते. पुढच्या ‘स्टोरीज टु टेल’मध्ये कार्लोस सान्तानाची गिटार आहे. नाव सर्वत्र झाले, ‘डाउनबीट’ मासिकाच्या मतचाचण्यांत ती वर आली, आणि नेमक्या त्याच वेळी ती तुरुंगात गेली. कोकेन बाळगल्याचा खटला होता. १९७४-७५ मध्ये तिने लॉस एंजेलिसच्या बंदरातल्या टर्मिनल आयलंड तुरुंगात शिक्षा भोगली. १९७५ मध्ये त्याच तुरुंगात एक मैफल झाली. कॅननबॉल अ‍ॅडर्ली, जॉर्ज ड्यूक, एअर्तो ही मंडळी बाहेरून आली आणि कैदी असलेली फ्लोरा त्यांच्याबरोबर गायली. पहारेकऱ्यांनी काय ऐकले असेल कोण जाणे! सुटकेनंतर १९७६ मध्ये जी तबकडी आली, तिचे नाव होते ‘ओपन युवर आइज यू कॅन फ्लाय’. माझ्या मते तिचे उत्तम काम १९७२ ते १९७६ या पाच वर्षांतले. नंतर मोठ्या कंपनीकडे गेल्यावर तिची गाणी गुळगुळीत झाली. गळा तोच होता, पण आजूबाजूला इतकी सजावट की तिला भटकायला जागाच उरली नाही.

ऐंशीच्या दशकात तिची ग्रॅमीच्या जॅझ गायिका विभागात दोनदा शिफारस झाली, पण पुरस्कार मिळाला नाही. १९९२ च्या ग्रॅमी समारंभात मात्र तिचा वाटा असलेल्या दोन तबकड्यांना पुरस्कार मिळाले. एक डिझी गिलेस्पीच्या युनायटेड नेशन ऑर्केस्ट्राची, लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधली. दुसरी मिकी हार्टची ‘प्लॅनेट ड्रम’. जागतिक संगीताच्या तबकडीसाठीचा पुरस्कार त्या वर्षी पहिल्यांदाच दिला गेला, आणि तो हिला मिळाला. या तबकडीत नायजेरियाचा बाबातुंदे ओलातुंजी होता, एअर्तो होता, घटम् वाजवणारे विक्कू विनायकराम होते आणि तबल्यावर आपल्या माहीमचे झाकीर हुसेन. एवढ्या चामड्याच्या आणि मातीच्या नादांमध्ये माणसाचा गळा कुठे बसवायचा, हा प्रश्न फ्लोराने वीस वर्षांपूर्वीच सोडवून ठेवला होता. म्हणून तर तिला बोलावले!

२००२ मध्ये ब्राझील सरकारने तिला रिओ ब्रांको सन्मान दिला. २०२२ मध्ये, म्हणजे वयाच्या ऐंशीव्या वर्षी, दीड दशकाहून अधिक काळानंतर तिची नवी तबकडी आली, ‘इफ यू विल’. तिला ग्रॅमीची शिफारसही मिळाली. या तबकडीत तिने ‘फाइव्ह हंड्रेड माइल्स हाय’ पुन्हा गायले आहे. आवाज खाली आला आहे, खरखरीत झाला आहे, आणि वरच्या जागा ती गाळते.

आपल्याला सवड मिळाली तर हे गाणे दोन्ही वेळचे ऐका. आधी १९७२ चे, मग २०२२ चे. आणि मध्ये दुसरे काही ऐकू नका.