मी विचारलेला प्रश्न

फौजेतून निवृत्त झाल्यावर 63 व्या वर्षी मी मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला. फ्रॉइड, पावलोव्ह परीक्षेपुरते पाठ केले. मग स्मृतीचा धडा आला.

1974 साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी 150 विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची छोटी फिल्म दाखवली. 50 जणांना विचारलं, गाड्या एकमेकींना 'धडकल्या' तेव्हा वेग किती होता? दुसऱ्या 50 जणांना विचारताना शब्द वापरला, 'जोरात आदळल्या'. उरलेल्यांना वेगाचं विचारलंच नाही. आठवड्याने सगळ्यांना विचारलं, फुटलेली काच पाहिलीत का? 'आदळल्या' ऐकलेले 16 जण हो म्हणाले, 'धडकल्या' ऐकलेले 7. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती.

मी पुस्तक मिटलं.

जम्मूकडे असताना आमची एक गाडी पुलाच्या कठड्याला लागली होती. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी मेंबर. मागे बसलेल्या तिन्ही जवानांना मीच विचारलं, "इतनी जोर से ठोकी, तब स्पीड कितनी थी?" तिघेही म्हणाले, "बहुत तेज थी, साब." ड्रायव्हर सांगत राहिला, वेग कमीच होता, रस्त्यावर तेल सांडलं होतं. पण तिघांच्या जबान्या जुळत होत्या ना! त्याची नाईकची फीत गेली.

तो खरंच वेगात असेलही. त्या जबान्यांत त्यांचं किती आणि माझं किती, हे आता कळायला मार्ग नाही.

परीक्षेत नेमका हाच प्रयोग आला. आकड्यांसकट नीट लिहिला. गाडीचं लिहिलं नाही.