काटा खरं बोलतोय का?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जुनी मोटार बाळगणाऱ्या माणसाची नजर दर दोन मिनिटांनी रस्त्यावरून डॅशबोर्डवर जाऊन येते. पेट्रोल किती उरलं हे पाहण्यासाठी नव्हे, तर इंजिनातल्या पाण्याचं तापमान दाखवणाऱ्या काट्यासाठी. गॅरेजात त्याला ‘टेंपरेचर मीटर’ म्हणतात. आज बोलायचं आहे ते या काट्याविषयी.

मी मावळातल्या उर्से गावचा. द्रुतगती मार्गावरच्या टोलनाक्यामुळे आमच्या गावाचं नाव साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झालं. जुना मुंबई-पुणे रस्ताही इथून लांब नाही. त्यामुळे बॉनेट उघडून वाफ सोडत उभ्या असलेल्या मोटारी मी लहानपणापासून पाहत आलो. माझ्याकडे आहे ती प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, १०८९ सीसीची, मुळातली फियाट ११००. १९७४ पासून ती पद्मिनी या नावानं विकली जाऊ लागली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली, पण घरगुती पद्मिन्या अजून हौसेनं सांभाळल्या जातात आणि त्यांतल्या बऱ्याच आमच्या बोरघाटाची परीक्षा देतात.

परीक्षा अवघड का, तेही सांगतो. खोपोलीहून लोणावळ्याला येईपर्यंत गाडी अर्धा किलोमीटरहून अधिक उंची चढते. चढण खालच्या गिअरवर, वेग कमी, म्हणजे समोरून येणारा वारा कमी. पंखा पट्ट्यावर फिरणारा. पुढे वाहनांची कोंडी लागली की इंजिन मंद, म्हणून पंखाही मंद. शिवाय उंचावर पाणी लवकर उकळतं. लोणावळ्यात ते शंभराऐवजी ९८ अंशांच्या आसपासच उकळू लागतं. रेडिएटरचं झाकण पाणी दाबाखाली ठेवतं आणि उकळण्याचा बिंदू वर नेतं खरं, पण झाकणाचं रबर झिजलं असेल तर तोही आधार गेला. तेव्हा घाटात किंवा टोलनाक्याच्या रांगेत काटा थोडा चढला आणि गाडी पळू लागताच उतरला, तर घाबरण्याचं कारण नाही. तो आपलं काम करतोय.

मला खरी भीती वाटते ती न हलणाऱ्या काट्याची.

आमच्या नात्यातले एक गृहस्थ एकदा मे महिन्यात कल्याणहून निघाले. घाटात काटा वर वर गेला आणि मग एकदम खाली आला. त्यांना हायसं वाटलं. गाडी सावरली असं समजून ते चालवत राहिले. थोड्या वेळानं जळका वास आला आणि इंजिन खडखडू लागलं. झालं होतं असं, की होज पाइप फुटून पाणी निघून गेलं होतं. तापमान ओळखणारा सेंडर, ज्याला कारागीर ‘बल्ब’ म्हणतात, तो पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. पाणी उतरलं की तो नुसत्या हवेत राहतो आणि काटा खाली येतो. या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं. तापलं की वाकतं. ते काढून घासून सपाट करून घ्यावं लागलं, गॅस्केट नवं घालावं लागलं, आणि चार दिवसांची सहल आमच्या ओसरीवर संपली. तेव्हा चढलेला काटा विनाकारण पडला, तर गाडी आधी बाजूला घ्या.

आता तपासणी. सकाळी इंजिन थंड असताना नुसती चावी फिरवा, गाडी सुरू करू नका. काटा खालीच राहायला हवा. तो लगेच वर पळाला तर दोष इंजिनात नाही. सेंडरकडे जाणारी तार कुठेतरी घासून पत्र्याला लागली असणार. काटा खालीच राहिला तर सेंडरवरची तार काढून तिचं टोक क्षणभर, क्षणभरच, इंजिनाच्या स्वच्छ धातूला टेकवा. काटा वर जायला निघाला, म्हणजे मीटर आणि तार दोन्ही ठीक. मग संशय सेंडरवर. त्याच्या आट्यांवर पांढरी टेप भरपूर गुंडाळली असेल तर अर्थ मिळत नाही आणि काटा कमी दाखवतो. दुसऱ्याच गाडीचा सेंडर बसवला असेल तर काटा हलतो, पण खोटं बोलतो. हा प्रकार सगळ्यांत फसवा.

काही जुन्या मोटारींत पेट्रोलचा आणि तापमानाचा काटा एकाच छोट्या व्होल्टेज नियंत्रकावर चालतो. टाकी अर्धी असताना ती भरलेली दिसते आणि इंजिनही तापलेलं दिसतं, असं दोन्ही काटे मिळून वर चढले तर रेडिएटर उतरवून घेऊ नका. आधी त्या नियंत्रकाचा अर्थ पाहा. त्याहून जुन्या गाड्यांत तार नसतेच. मीटरपासून इंजिनापर्यंत एक बारीक नळी जाते आणि आतल्या द्रवाच्या वाफेचा दाब काटा हलवतो. ती नळी मोडली की मीटर संपला, म्हणून इंजिन उतरवताना तिला जपा.

आणि थर्मोस्टॅट! गाडी तापते म्हटलं की काही कारागीर तो काढून फेकतात. मला हा उपाय अजिबात पसंत नाही. मग इंजिन नीट गरमच होत नाही, पेट्रोल जास्त पितं, आणि मालक मात्र काटा खाली आहे म्हणून खूश. मूळ दुखणं, म्हणजे गाळानं भरलेला रेडिएटर किंवा सैल झालेला पट्टा, तसंच राहतं.

गरम इंजिनाचं झाकण मात्र कुणाच्याही सांगण्यावरून उघडू नका. दाबाखालचं पाणी तोंडावर उडून भाजलेली माणसं मी पाहिली आहेत. निदान अर्धा तास थांबा, मग जाड फडकं टाकून झाकण हळूहळू सोडा. पाणी ओतायचं तेही थोडं थोडं.

माझ्या गाडीचा सेंडर बदलला तेव्हा मी तो बसवण्याआधी घरीच पारखला. एका जुन्या पातेल्यात पाणी तापत ठेवलं, सेंडरचं टोक त्यात बुडवलं, त्याचं अंग तारेनं इंजिनाला जोडलं, मीटरची तार लावली आणि शेजारी तापमापक धरला. ऐंशी अंशांना काटा कुठे येतो, नव्वदला कुठे आणि पाणी उकळताना कुठे, ते पाहून काचेच्या कडेला बारीक तीन खुणा केल्या. आता घाटात काटा मधल्या खुणेच्या आसपास असतो. ती ओलांडून पुढे सरकला की मी गाडी सावलीत लावतो.