गणपतीची पत्री आणि घरचीं जनावरें



भाद्रपद शुद्ध चतुर्थीस गणपतीला ज्या २१ पत्री वाहतात, त्यांत धोतरा, रुई व कण्हेर हींही असतात. पूजेंत त्यांस मान आहे. परंतु घरचें कुत्रें, मांजर वा दारची गाय यांस तीं विषारी आहेत. कण्हेरीचें विष व रुईचा चीक हृदयाची गति बिघडवितात. धोतऱ्यानें डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात व जनावर भ्रमिष्टासारखें वागूं लागतें.

कण्हेरीचें पान सुकलें तरी त्याचें विष जात नाहीं. हिरवें कडू पान गाय सहसा टाळते. पण दूर्वा, केळीचीं सालें व नैवेद्य यांत मिसळलेलें सुकें पान ती नकळत गिळते. म्हणजे खरा धोका पूजेपेक्षां निर्माल्यांत आहे.

यास्तव पत्रीची जुडी उंच ठेवावी. निर्माल्य गाईपुढें किंवा गोदेच्या घाटावर उघडें टाकूं नये. विसर्जनाचे वेळीं नाशिक महानगरपालिका तें गोळा करते, तेथेंच द्यावें. जनावरानें पान खाल्ल्याचा संशय आल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडतां, उरलेलें पान बरोबर घेऊन तत्काळ पशुवैद्याकडे जावें. कोणतें पान पोटांत गेलें हें कळल्यास उपचारास दिशा मिळते.