रेडिएटर गळतोय? आधी कुठून ते बघा

न्यूयॉर्कला नवीन आलेले आपले मित्र हिवाळ्यात मला हमखास एक व्हिडिओ पाठवतात. जुनी बिल्डिंग, लोखंडी रेडिएटर, फुस्स आवाज आणि खाली पाणी. सोबत प्रश्न, "अरे, हे नॉर्मल आहे का?"

थोडं फुस्स नॉर्मल आहे. पाणी नाही.

अशा बिल्डिंगमध्ये बऱ्याचदा रेडिएटरला एकच पाइप असतो. तळघरातल्या बॉयलरची वाफ त्यातूनच वर येते आणि थंड झाल्यावर पाणी त्यातूनच परत जातं. दुसऱ्या टोकाला छोटा एअर व्हेंट असतो. तो आतली हवा बाहेर सोडतो आणि वाफ पोचली की बंद होतो. कुकरच्या शिट्टीच्या बरोबर उलटं!

व्हेंटमधून पाणी येत असेल तर रेडिएटर थंड असताना त्यावर फोनमधलं लेव्हल ॲप ठेवा. उतार पाइपाकडे हवा. नसेल तर आत पाणी साचतं. व्हेंटकडच्या पायांखाली पातळ पट्टी सरकवली की बऱ्याचदा भागतं. नाही भागलं तर व्हेंट गेलाय. नवा स्वस्त मिळतो, आट्यांना टेफ्लॉन टेप लावून उभा बसवायचा.

गळती व्हॉल्व्हच्या स्पिंडलपाशी असेल, तर दोन पाने घ्या. एकाने व्हॉल्व्ह धरा, दुसऱ्याने ग्लँड नट जेमतेम अष्टमांश फेरा आवळा. जोर लावू नका, जुनं पितळ आहे. तरीही गळलं तर आतली ग्लँड दोरी बदलावी लागते. आणि हो, हा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद ठेवा. अर्धवट ठेवला की पाणी अडकतं आणि रात्री कोणी हातोडा मारल्यासारखे ठोके ऐकू येतात.

आता गंभीर होऊन सांगतो. यातलं काहीही बॉयलर चालू असताना करायचं नाही. 2016 च्या डिसेंबरमध्ये ब्राँक्समध्ये रेडिएटरमधून सुटलेल्या वाफेने दोन चिमुकल्या बहिणींचा जीव गेला. घरात लहान मूल असेल आणि वाफ जोरात येत असेल, तर आधी त्याला त्या खोलीतून बाहेर न्या, दार लावा, मग फोन.

भाड्याने राहत असाल तर बॉयलर तुमच्या हातात नसतोच. दुरुस्ती घरमालकाची जबाबदारी आहे, त्यात भिडस्तपणा नको. फोटो, तारीख, लेखी मेसेज. दाद दिली नाही तर सरळ 311.