रक्तदाबाचा आकडा
(दारासुरम् येथील मंडळाच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही डॉक्टर नव्हे. केंद्र सरकारच्या नोकरीत आमची हयात आकडे तपासण्यात गेली. ज्या आकड्यावर माणूस जन्माच्या गोळ्या सुरू करतो वा बंद करतो, तो कसा मिळतो हे आपण क्वचितच विचारतो. म्हणून हे चार शब्द.

स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने घोडीच्या धमनीला काचेची नळी जोडली, तेव्हा रक्त आठ फुटांहून उंच चढले. हा वृत्तान्त त्याने १७३३ मध्ये प्रसिद्ध केला. पारा पाण्याच्या साडेतेरापट जड, म्हणून तोच दाब पाऱ्याच्या वीतभर उंचीत मावतो. १८९६ मध्ये इटलीच्या रीवा-रोची यांनी दंडाला बांधावयाचा फुगता पट्टा आणला. १९०५ मध्ये रशियन शल्यवैद्य कोरोत्कोव्ह यांनी धमनीवर स्टेथास्कोप ठेवून ऐकण्याची रीत दिली. पट्टा फुगला की रक्त अडते. हवा सोडताना पहिला ठोका उमटतो तो वरचा आकडा, ठोके लोपतात तो खालचा. ऐरावतेश्वराच्या नादमय पायऱ्यांच्या या गावी त्याचे नवल वाटू नये! आता पाऱ्याची उपकरणे मागे पडली; मोजणी मात्र पाऱ्याच्या मिलिमीटरांतच चालते.

आपले लोक काय करतात? कुंभकोणची डिग्री कॉफी घेऊन, गर्दीच्या बसमधून उतरून थेट खुर्चीत बसतात आणि पट्टा फुगत असता नातवाच्या परीक्षेची हकीकत सांगतात. हा आकडा विश्वासाचा नव्हे. त्यापूर्वी अर्धा तास कॉफी वा तंबाखू नको. लघुशंका उरकून, पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे. दंड उघडा व हृदयाच्या पातळीवर असावा. हात खाली लोंबला की आकडा वाढतो. जाड दंडाला अरुंद पट्टा बांधला तरी तसेच. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. दवाखान्यात १४०/९०, घरी १३५/८५ किंवा अधिक दाब पुनःपुन्हा आढळला, तर उपचारांचा विचार डॉक्टरांनी करावयाचा असतो.

आमची खरी काळजी निराळीच आहे. वाढलेला दाब बहुधा मुळीच जाणवत नाही. “डोके दुखत नाही, मग गोळ्या कशाला?” असे म्हणून घरोघरची वडीलधारी मंडळी औषध सोडतात. पुढे पक्षाघात किंवा मूत्रपिंडाचा विकार दारात येतो. आकडा उतरला तो गोळीमुळेच, हे ध्यानात येत नाही. लोणची-पापडांतील मिठाविषयी गृहिणींसमोर अधिक बोलण्याचे धैर्य आम्हांस नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमांहून कमी मीठ घ्यावे म्हणते, एवढेच सांगतो.

तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळी नेत्ररुग्णांची टिपणे चित्रांसह ठेवीत. ती सरस्वती महालात जपली आहेत. आपण निदान एक वही करावी. तारीख, वेळ, दोन्ही आकडे आणि त्या दिवशी गोळी घेतली की नाही, इतके लिहिले तरी डॉक्टरांचे काम हलके होते. तमिळनाडू सरकारने २०२१ मध्ये ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम्’ ही घरोघरी तपासणी करून औषध देणारी योजना सुरू केली. त्या भगिनी दाराशी आल्या, तर “आम्ही बरे आहोत” म्हणून परत न पाठविता वही पुढे करावी.