बघ्या आणि साक्षीदार
(लखनौ येथे दिलेले भाषण)



भाषांतरकाराला एखादा शब्द अडतो, तेव्हा पुष्कळदा त्यामागे समाजाचीच अडचण असते. कचेरीत एखाद्या स्त्रीचा लैंगिक छळ होत असताना तेथे हजर असलेल्या तिसऱ्या माणसाला काय म्हणावे? मराठीत त्याला ‘बघ्या’ म्हणतात, आपल्या या लखनौत ‘तमाशबीन’. दोन्ही शब्दांत निंदा आहे. कायदा मात्र त्यालाच ‘साक्षीदार’ म्हणू पाहतो.

लाताने व डार्ली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. खोलीत धूर सोडला असता एकट्या बसलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांनी वर्दी दिली; स्वस्थ बसून राहणाऱ्या दोघांच्या संगतीत मात्र केवळ १० टक्क्यांनी. ही माणसे निर्दय नव्हती. इतरांचे शांत चेहरे पाहून ‘काही विशेष नसावे’ असे त्यांनी ठरवले. लखनौच्या ‘पहले आप’ या शिष्टाचाराला येथे भलतेच रूप येते: निषेधाचा मान प्रत्येकजण दुसऱ्याला देतो. कचेरीत त्यात बढतीची आणि बदलीची भीती मिसळते.

१८ जुलै १९८८ रोजी चंदीगड येथील एका मेजवानीत पंजाबचे पोलीस महासंचालक के. पी. एस. गिल यांनी रूपन देओल बजाज या सनदी अधिकारी स्त्रीचा विनयभंग केला. ते घडले पाहुण्यांच्या मेळ्यात. १९८९ साली उच्च न्यायालयाने फिर्याद रद्द केली. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती पुनरुज्जीवित केली. १९९६ साली गिल दोषी ठरले आणि २००५ साली त्यावर अखेरचे शिक्कामोर्तब झाले. सतरा वर्षे लागली.

‘विशाखा’ निकाल १९९७ सालचा. कायदा झाला २०१३ साली. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती नेमणे त्याने बंधनकारक केले. नियमांनुसार पीडित स्त्रीला स्वतः तक्रार करणे शक्य नसेल, तर घटना ठाऊक असलेली कोणीही व्यक्ती तिच्या लेखी संमतीने तक्रार करू शकते. ही संमती महत्त्वाची आहे. तिला न विचारता तिच्या वतीने शूर होण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मग आपण करावे काय? प्रसंगी मध्येच बोलून विषय तोडावा, काही निमित्ताने तिला बाजूला बोलवावे. नंतर एकांतात तिची इच्छा विचारावी. तारीख, वेळ, उच्चारलेले शब्द आणि हजर माणसे यांची त्याच दिवशी नोंद करावी. तक्रारीची मुदत सामान्यतः तीन महिन्यांचीच असते. समितीने बोलावल्यास जावे आणि पाहिले तेवढेच सांगावे.

समितीपुढे पुष्कळदा एकीचा शब्द एकाच्या शब्दाविरुद्ध उभा राहतो. अशा वेळी तिसऱ्या माणसाची जबानी निर्णायक ठरू शकते. तो गप्प राहिला, तर त्याची तटस्थता बलवानाच्याच पदरात पडते.